गोधडीखालची हुडहुडी

मागच्या आठवड्यातली नाइट अजून डोक्यातून जात नाहीये. पीएनसी, म्हणजे बाळंतिणींचा वॉर्ड, बाळंतपणाचा दुसरा दिवस, पोरीचं एचबी (हिमोग्लोबिन) ५.८, पीसीव्हीची, म्हणजे लाल पेशींच्या रक्ताची, एक पिशवी आली. नाव, पिशवीचा नंबर, ग्रुप, एक्सपायरी, सगळं आम्ही दोघी सिस्टरांनी बेडजवळ मोठ्याने वाचून जुळवलं, तिच्या तोंडून तिचं नाव वदवून घेतलं, टेम्परेचर ९८.४, आणि मिनिटाला पंधरा थेंबांवर सुरू केलं. पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळून हलायचं नाही, आणि मी हलत नाही. पण चाळीस बेडला दोघीच, त्यात एकीला ब्लीडिंग सुरू झालं, दुसरी सिस्टर एकटी पुरेना, दहाव्या मिनिटाला मला उठावंच लागलं.

चार मिनिटांनी परत आले तर पोरगी गळ्यापर्यंत गोधडीत. सासूबाई म्हणाल्या, "थंडी वाजतीय म्हनली, पंखा बंद केला, आता गप पडलीय." गोधडी काढली तर दात वाजतायत, हातपाय थडथडतायत, "सिस्टर, कंबर लई भरून आली." कंबर ऐकून पोटात गोळाच आला, कारण ग्रुप चुकला की कंबर दुखते.

आधी नळीवरचा थेंब अडवायचा रोलर बंद केला, मग डॉक्टरांना फोन. सेटसकट, म्हणजे नळीसकट पिशवी काढली, शिरेतली कॅन्युला तशीच ठेवून नव्या सेटने एनएस, म्हणजे साधं सलाइन. जुन्याच सेटला सलाइन जोडतात काहीजण, मग नळीत उरलेलं रक्त पेशंटच्याच अंगात जातं, किती वेळा सांगितलं तरी तेच! ताप १०१.६, पल्स १२८. तेवढ्यात मावशी पिशवी कचऱ्यात टाकायला निघालेल्या, धावत जाऊन घेतली, कारण पिशवी, सेट, दुसऱ्या हातातून काढलेलं सॅम्पल आणि पहिली लघवी ब्लड बँकेला द्यावी लागते. लघवीची बाटली ट्यूबलाइटसमोर धरली. साधी पिवळी होती, चहासारखी नाही, तेव्हा कुठे श्वास सुटला.

सकाळी रिपोर्ट आला, ग्रुप बरोबर, लाल पेशींवर अँटीबॉडी चिकटल्यात का बघणारी कूम्ब्स टेस्ट निगेटिव्ह, नुसती तापाची रिॲक्शन. पण ग्रुप चुकलेला असता तर त्या चार मिनिटांत आणखी साठ थेंब गेले असते. आणि सासूबाईंना मी जाताना "पिशवीकडे लक्ष ठेवा" एवढंच म्हणाले होते, थंडी वाजली तर हाक मारा हे सांगितलंच नव्हतं, त्यांनी मायेनं गोधडी घातली, त्यांची काय चूक.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डोनरची पिशवी लावली. सासूबाईंनी न सांगता गोधडीची घडी करून पायाशी ठेवली आणि सुनेचा हात हातात धरून बसल्या. मीही स्टूल ओढून बसले, वॉर्डातून दोनदा हाक आली, उठले नाही.