वाढलेले भात कोणाच्या कणगीत गेले?

शेतीचे उत्पादन वाढले की गरिबी आपोआप हटते, हे विधान मला नेहमीच अपुरे वाटत आले आहे. वाढीव पीक कोणाच्या कणगीत पडते, हा त्यातला खरा प्रश्न आहे आणि व्हिएतनामच्या अनुभवात त्याचे उत्तर स्पष्ट दिसते.

उत्तर व्हिएतनाममध्ये 1958 नंतर शेती सामुदायिक संस्थांकडे गेली. शेतकऱ्याच्या कामाचे गुण नोंदवले जात आणि हंगाम संपल्यावर त्या हिशेबाने धान्य वाटले जाई. जास्त राबणाऱ्याच्या पदरात जास्त पडेल, याची शाश्वती नव्हती. मात्र कुटुंबांच्या स्वतःच्या वापरासाठी राखलेल्या सुमारे पाच टक्के जमिनीवर तीच माणसे जीव ओतून काम करत. विन्ह फुक प्रांताचे कम्युनिस्ट पक्षाचे सचिव किम न्गोक यांनी हे ओळखले आणि 1966 मध्ये संस्थेचा ठरलेला वाटा देऊन उरलेले पीक कुटुंबाने ठेवावे, अशी मुभा दिली. पक्षाने 1968 मध्ये हा प्रयोग चुकीचा ठरवून बंद पाडला. 1979 मध्ये त्यांचे निधन झाले आणि 1981 मध्ये जवळजवळ तीच पद्धत सरकारनेच देशभर लागू केली. वरिष्ठांचा रोष पत्करून शेतकऱ्यावर विश्वास टाकणाऱ्या या माणसाविषयी मला मनापासून आदर वाटतो.

खरा बदल पक्षाच्या एप्रिल 1988 च्या ठरावाने झाला. जमीन दीर्घ मुदतीने कुटुंबांकडे कसायला आली आणि सरकारी खरेदीच्या भावांची सक्तीही सुटत गेली. त्याच वर्षी उत्तरेकडील प्रांतांत लोक उपाशी होते. 1989 मध्ये देशाने दहा लाख टनांहून अधिक तांदूळ निर्यात केला. पुढे 1993 च्या कायद्याने हंगामी पिकांच्या जमिनीवर 20 वर्षांचा हक्क दिला, जो वारसांना देता येई, विकता येई आणि गहाण टाकून कर्जही काढता येई. त्या वर्षी सुमारे 58 टक्के असलेले गरिबीचे प्रमाण 2004 पर्यंत 20 टक्क्यांच्या आसपास आले. यात कारखानदारीचाही वाटा आहेच, पण सुरुवात शिवारातून झाली.

ही वाढ गरिबांपर्यंत पोहोचली, कारण उत्तरेत जमीन घरातली माणसे मोजून बऱ्यापैकी समान वाटली गेली आणि सामुदायिक काळात खोदलेले कालवे तयार होते. आपल्या कुळकायद्याने 1 एप्रिल 1957 रोजी कसणाऱ्याला मालक मानले, हे मोठेच पाऊल होते. परंतु पाणी आणि पतपुरवठा त्याच निश्चयाने मागोमाग आला नाही, असे माझे मत आहे.

व्हिएतनाममध्येही सर्वांना सारखा लाभ झाला नाही. मेकाँगच्या खोऱ्यात जमिनीची खरेदी-विक्री वाढली तशी भूमिहीन मजुरांची संख्याही वाढली. मध्य पठारावर कॉफीच्या लागवडीने देशाला ब्राझीलखालोखालचा उत्पादक बनवले, तरी त्याच डोंगराळ भागातले अल्पसंख्याक जनसमूह किन्ह बहुसंख्याकांपेक्षा आजही कितीतरी गरीब आहेत. सपाटीवरचा भाताचा धडा त्यांच्या उतारांवर जसाच्या तसा लागू पडत नाही. तिथे रस्ते, शाळा आणि पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटलेल्या जमिनीचे कागद आधी हवेत.