भाचीच्या घराला हीट पंप चालेल का?

माझी भाची कॅनडात, हॅलिफॅक्सला असते. तिने आणि जावयांनी तिथे जुनं लाकडी घर घेतलंय. तळघरात तेलावर चालणारा बॉयलर आणि प्रत्येक खोलीत गरम पाण्याचा रेडिएटर. पहिल्याच हिवाळ्यात तेलाचं बिल बघून दोघं हबकली. शेजारी सांगतात हीट पंप बसवा, जावयांच्या ऑफिसातला एक जण सांगतो की कडक थंडीत तो काही कामाचा नाही. शेवटी तिने मला फोन केला. "मामा, तू इतकी वर्षं हेच करतोयस, तू सांग."

हेच म्हणजे एसी, कोल्डरूम आणि अलीकडे हॉटेलांचे हीट पंप. राहतो डिचोलीला, पण कामं बहुतेक कांदोळी, कळंगुट, बागा या पट्ट्यात. तिला फोनवर तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं, ते इथे सलग लिहून ठेवतो. आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं आज थंड मुलखात आहेत.

थंडीत चालत नाही, ही भीती आधी बाजूला ठेवू. आपला फ्रिज आतली उष्णता ओढून मागच्या बाजूने बाहेर टाकतो. हीट पंप तेच काम बाहेरच्या हवेवर करतो आणि ओढलेली उष्णता घरात सोडतो. त्यातला आर-४१०ए किंवा आर-३२ गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे ५१ अंशांच्या आसपास उकळतो. त्यामुळे बाहेर उणे १५ असलं तरी त्या हवेतून त्याला उष्णता घेता येते. नॉर्वेत तर निम्म्याहून जास्त घरांत हीट पंप आहेत, आणि नॉर्वेचा हिवाळा काही सौम्य नाही.

पण उष्णता मिळणं वेगळं आणि घराला पुरेल इतकी मिळणं वेगळं. इथल्या हॉटेलांत बाहेरची हवा ३० अंश, पाणी तापवायचं ५५ पर्यंत. विजेच्या एका युनिटमागे साडेतीन-चार युनिट उष्णता सहज मिळते. या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. हवा जितकी थंड, तितकं कॉम्प्रेसरला जास्त राबावं लागतं आणि सीओपी उतरतो. उणे १५ ला चांगलं मशीन दोनच्या आसपास येतं. साध्या मशीनची तर क्षमताही त्याच वेळी घटते, म्हणजे घराची मागणी सगळ्यात जास्त असते नेमकी तेव्हाच. म्हणून थंड प्रदेशासाठी बनवलेलं मशीनच घ्यायचं. अमेरिकेच्या ईशान्य भागातली नीप ही संस्था अशा मशीनांची यादी ठेवते. त्या यादीत यायचं तर उणे १५ ला सीओपी किमान १.७५ लागतो. भाचीला सांगितलं, कोटेशनमधला मॉडेल नंबर त्या यादीत शोध. नसेल तर तो कागद बाजूला ठेव.

तिच्याकडे आलेल्या एका कोटेशनमध्ये चार टनाचं मशीन होतं. कशावरून चार, असं विचारलं तर घराच्या चौरस फुटांवरून. हे मला अजिबात पटलं नाही. घराला किती उष्णता लागते ते त्याच्या तेलाच्या बिलात लिहिलेलं असतं, ते कुणी बघायलाच तयार नाही. मग आम्ही दोघांनी फोनवरच हिशोब मांडला.

एक लिटर तेलात साधारण साडेदहा युनिट ऊर्जा असते. जुना बॉयलर त्यातली ८५ टक्के घराला देतो असं धरलं, तर हाती नऊ युनिट उष्णता येते. तिच्या घराला वर्षाला २,००० लिटर तेल लागतं, म्हणजे १८,००० युनिट. हॅलिफॅक्सचे वर्षाचे हीटिंग डिग्री-डे ४,००० च्या आसपास. दिवसाचं तापमान १८ अंशांपेक्षा जितकं खाली, ते आकडे वर्षभर जमवत गेलं की ही बेरीज येते. ४,००० ला २४ तासांनी गुणायचं आणि त्या आकड्याने १८,००० ला भागायचं. उत्तर येतं ०.१९ किलोवॅट, म्हणजे सुमारे १९० वॅट. आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक पडला की हे घर इतकी उष्णता गमावतं. हॅलिफॅक्समध्ये हिवाळ्यासाठी उणे १६ अंश धरून मशीन निवडतात. आत २१ हवेत, म्हणजे फरक ३७ अंशांचा. सात किलोवॅट. आपल्या भाषेत दोन टन.

चार नव्हे, दोन. आणि तोच बॉयलर आंघोळीचं पाणीही तापवतो, तेव्हा खरी गरज त्याहूनही थोडी कमी. दुप्पट मोठं मशीन घेतलं तर ऑक्टोबर किंवा एप्रिलमधल्या सौम्य दिवसांत ते सारखं चालू-बंद होत राहील. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरलाही एका मर्यादेखाली हळू फिरता येत नाही. मात्र हे दोन टन उणे १५ ला मिळायला हवेत. नेमप्लेटवरचा आकडा बाहेर आठ-साडेआठ अंश असतानाचा असतो, त्यावर जायचं नाही. कॅटलॉगमध्ये तापमानाप्रमाणे क्षमतेचा तक्ता असतो, तो मागून घ्यायचा.

खर्चाचं गणित त्यामानाने सोपं. हिवाळाभराचा सरासरी सीओपी अडीच धरला, तर एका लिटर तेलाचं काम ३.६ युनिट विजेत होतं. लिटरचा भाव ३.६ युनिटच्या दरापेक्षा जास्त असेल तर हीट पंप फायद्याचा. तिने बिलं समोर ठेवून गुणाकार केला आणि वीज स्वस्त पडली. नळाचा गॅस असलेल्या शहरात हाच हिशोब कित्येकदा उलटा येतो, म्हणून दुसऱ्याच्या घराचं उत्तर आपल्याला लावू नये.

आता ज्या गोष्टीवर मी तिच्याशी सगळ्यात जास्त बोललो ती. पावसाळ्यात हॉटेलच्या मागे चालू हीट पंपासमोर उभं राहिलं की अंगावर गार वारा येतो आणि कॉइलच्या फिनांवरून, म्हणजे पातळ पत्र्यांवरून, पाण्याची धार लागलेली असते. हवेतला दमटपणा गार कॉइलवर पाणी होऊन उतरतो. हॅलिफॅक्सही समुद्रकाठचं शहर. तिथे बाहेर एक-दोन अंश असताना कॉइल शून्याखाली जाते, आणि तेच पाणी फिनांमध्ये गोठतं. उणे १५ ची हवा कोरडी असते, तेव्हा इतका बर्फ धरत नाही. त्रास शून्याच्या आसपासच्या ओलसर दिवसांत. मग मशीन काही मिनिटं उलटं फिरतं, घरातलीच उष्णता कॉइलला देऊन बर्फ वितळवतं. त्या वेळी आउटडोअरमधून वाफेचा लोट उठतो, तो पाहून घाबरू नकोस, म्हटलं.

रेडिएटरचं काय, हे जावयांनी विचारलं. ते रेडिएटर ७०-८० अंशांच्या पाण्यासाठी बसवलेले आहेत. बाहेर उणे १५ असताना हीट पंपाचं पाणी ५०-५५ च्या वर नेणं जड जातं, तेव्हा त्याच पाइपांना हीट पंप जोडायचा विचार सोडून दिला. भिंतीवरचे स्प्लिटच बरे. त्यात एकच अडचण, दार लावून झोपलं की त्या खोलीपर्यंत ऊब पोचत नाही. शिवाय येणारी हवा कोमट लागते. आपल्याकडे लोक खोलीत शिरले की एसी लावतात आणि निघताना बंद करतात, तसं तिथे करायचं नाही. मशीन मंद गतीने सतत चालू ठेवायचं.

शेवटी असं ठरलं. आधी माळ्यावर इन्सुलेशन आणि खिडक्या-दारांच्या फटी बंद करणं, कारण त्याने ते १९० वॅटच खाली येतात. मग खाली एक आणि वर एक, असे दोन स्वतंत्र स्प्लिट. एका आउटडोअरवर चार इनडोअर नकोत. बॉयलर काढायचा नाही. लेकीची खोली, आंघोळीचं पाणी आणि उणे वीसची एखादी रात्र त्याच्यावर. त्यांची मैत्रीण विनिपेगला असते, तिथे जानेवारीची सरासरीच उणे १६ च्या आसपास. तिला मी दुसरी सोय हाताशी ठेवल्याशिवाय हीट पंपाचा विचारही करू देणार नाही. वीज गेली तर बॉयलरचा पंपही थांबतो, म्हणून भाचीच्या घरातली लाकडाची शेगडी साफ करून घ्यायची.

आउटडोअर भिंतीला स्टँडवर, नेहमीच्या बर्फाच्या थरापेक्षा उंच. छपराची पागोळी वरून पडणार नाही अशा जागी, आणि वितळलेलं पाणी पायवाटेवर जाऊन गोठणार नाही अशा बेताने. समुद्रावरच्या हॉटेलांत खाऱ्या वाऱ्याने ॲल्युमिनियमच्या फिना बोटाने चुरगळतील इतक्या कुजलेल्या मी हाताने काढल्या आहेत, म्हणून कोटिंगवाली कॉइलच हवी, हे ऑर्डरवर लिहून घ्यायला सांगितलंय. माळ्याचं काम झालं की तिने एक महिन्याचं तेल मोजून मला कळवायचं, मग टनाचा आकडा पुन्हा काढू.