गोदाकाठी जुन्या रंध्यांच्या शोधात

नाशिकला जुन्या सुतारी हत्यारांसाठी जायचे असेल, तर बुधवार गाठावा. त्या दिवशी गोदावरीच्या काठावर, ज्याला नाशिककर आजही गंगाघाट म्हणतात, आठवडे बाजार भरतो, आणि भाजीपाला, सुकी मिरची, कपडे, भांडी यांच्या रांगा विरळ होतात तिथे कडेला गोणपाट पसरून जुने लोखंड विकणारे बसतात. पुण्याहून पहाटेची एसटीची शिवाई बस धरली, ठक्कर बाजारच्या स्थानकावर उतरलो आणि शालिमार, रविवार कारंजा असा पायीच घाटाकडे निघालो. नारोशंकराच्या देवळाजवळ पोहोचलो तेव्हा ऊन नुकतेच वर आले होते. जुने लोखंड पाहायला असेच तिरपे ऊन लागते, कारण त्यात पात्यावरचा बारीक खड्डाही सावली टाकतो.

गोणपाटावरच्या ढिगात बिजागऱ्या, कुलपे, पाने, विळ्यांची पाती यांच्याखाली एक लोखंडी रंधा दबलेला होता. विक्रेत्याला विचारले, ‘‘दादा, हा किलोवर की नगावर?’’ ‘‘बाकी सगळं किलोवर, रंधा नगावर,’’ असे उत्तर आले. म्हणजे त्याला आपल्या मालाची जाण होती, आणि मला अशा माणसाशी व्यवहार करायला आवडते. रंध्याच्या अंगावर ‘रेकॉर्ड’ असे नाव होते. शेफिल्डच्या या कारखान्याने लोखंडी रंधे काढायला सुरुवात केली ती १९३१ मध्ये, त्यामुळे वस्तू त्याच्या आधीची नाही एवढे तिथेच ठरते. आकार पाच नंबरचा, म्हणजे चौदा इंची, आणि वजन दोन किलोच्या आसपास. भंगाराच्या भावाने त्याचे साठ-सत्तर रुपये होतात. हाताशी धरून चालवणाऱ्याला मात्र त्याची किंमत हजारांत आहे. जुन्या हत्यारांचा सगळा व्यवहार या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत चालतो, आणि घेणाऱ्याची नियत दिसते तीही तिथेच.

रंधा हातात घेतला की मी प्रथम तो उलटा करतो. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांपासून तळ तडकलेला असेल, तर पुढे काही पाहण्याची गरज उरत नाही, कारण बीड, म्हणजे ओतीव लोखंड, पुन्हा सांधून सपाट ठेवणे हे घरच्या कामाचे नाही. मग पाते बाहेर काढून त्याची पाठ पाहतो. वरचा गंज घाबरवतो खरा, पण तो निघतो. धारेलगत पाठीवर पडलेले गंजाचे खड्डे मात्र पात्याचे आयुष्य खातात, कारण धार ही दोन सपाट पृष्ठांच्या भेटीतूनच तयार होते आणि त्यांतले एक पृष्ठ म्हणजे ही पाठ. या रंध्याची मागची मूठ चिरलेली होती, पण तळ निरोगी होता आणि पात्यात धारेजोगे पोलाद भरपूर उरले होते. सौदा जास्त ताणला नाही.

शेजारच्या गोणपाटावर एक करवत होती. तिच्या मुठीवरच्या पितळी बिल्ल्यावर ‘वॉरंटेड सुपीरियर’ असे शब्द होते आणि विक्रेता तेच कंपनीचे नाव म्हणून सांगत होता. हा बिल्ला अनेक कारखान्यांच्या करवतींवर बसत असे, त्यावरून बनवणारा कळत नाही, हे मी त्याला सांगितले. फिलाडेल्फियाच्या डिस्टन कंपनीच्या बिल्ल्यावर तिचे स्वतःचे नाव असते आणि त्या बिल्ल्यांच्या बदलत्या घडणीवरून करवतीचा काळही ठरवता येतो. करवत डोळ्यासमोर लांब धरून दातांच्या रेषेवरून नजर नेली, तर पाते मध्यावर वाकलेले दिसले. ती मी घेतली नाही.

दुपारी तिवंधा, भद्रकालीच्या बाजूच्या गल्ल्यांतून हिंडलो. जुन्या नाशकातले लाकडी वाडे एकेक करून उतरत आहेत. एका वाड्याच्या पाडकामात सागाची तुळई रस्त्याकडेला टेकवून ठेवली होती आणि तिच्याजवळ मी बराच वेळ थांबलो. दर्शनी बाजू रंध्याने गुळगुळीत केलेली, कडेने गलत्याची नक्षी ओढलेली. पण भिंतीत लपणारी बाजू नुसती वाकसाने, म्हणजे आडव्या पात्याच्या तासणीने, तासलेली, तिच्यावर वाकसाच्या घावांच्या उथळ वाट्या ओळीने उमटलेल्या. त्या सुताराने मेहनत कुठे खर्च करायची हे किती विचाराने ठरवले होते! लोखंडी रंधा त्याच्या हाती नव्हता. त्याचा रंधा लाकडी ठोकळ्याचा, त्यात पाते पाचरीने आवळलेले, आणि भोके पाडायला दोरीच्या कमानीवर फिरणारा सामता. वाड्यांच्या लाकडाला आज दलाल आहेत, खांब आणि चौकटी हॉटेलांत जाऊन बसतात. पण ज्या हत्यारांनी ते खांब घडले, ती भंगाराच्या गाडीवर जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

संध्याकाळी पंचवटीत एका घरी जायचे होते. घरातले आजोबा देवळालीला सुतारकाम करायचे. ते गेल्यावर त्यांची पेटी माळ्यावर पडून होती. काकूंनी पेटी उघडली तेव्हा खोबरेल आणि सागाच्या भुशाचा वास आला. ‘‘भंगारवाला सगळ्याचे मिळून चारशे म्हणाला,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण ह्यांच्या हातातलं आहे, द्यायला जीव होईना.’’ आत लाकूड कोरायच्या पटाश्या होत्या, खाचा पाडायचे किकरे होते, मोगरी, काटकोन तपासायचा गुण्या, गिरमिटे, आणि बर्मिंगहॅमच्या रेबोन कंपनीची पितळी बिजागऱ्यांची, चार घड्यांची दोन फुटी पट्टी. पटाश्यांपैकी काहींवर विल्यम मार्पल्स यांचे तीन पानांचे चिन्ह होते. एका जुन्या पटाशीवर ‘कास्ट स्टील’ असा ठसा होता. मुशीत वितळवून एकजीव केलेल्या पोलादाची ती खूण, आणि ही रीत शेफिल्डला १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने बसवली होती. त्या पटाशीची धार उन्हात तिरपी धरली की मऊ लोखंड आणि त्यावर जोडलेला पोलादाचा पातळ थर यांच्यामधली रेघ स्पष्ट दिसत होती.

मी कागद मागून घेतला आणि काकूंसमोर प्रत्येक नगाचे नाव लिहिले, त्यापुढे तो दुरुस्त करून मी किती रुपयांना विकू शकेन तो आकडा आणि त्यापुढे त्यांना आज किती देऊ शकेन तो आकडा. मधला फरक माझ्या श्रमाचा, प्रवासाचा आणि न विकल्या जाणाऱ्या नगांचा आहे हेही सांगितले. समोरच्याला माहीत नाही म्हणून गप्प राहून भंगाराच्या भावात नग उचलणे हे मला व्यापारातले कौशल्य वाटत नाही. ते त्या घराला बुडवणे आहे. बेरीज चारशेच्या कितीतरी पुढे गेली. काकूंनी ती दोनदा वाचली आणि आतून नातवाला हाक मारली. तो आयटीआयला सुतारकाम शिकतो. गुण्या, किकरे आणि दोन उत्तम पटाश्या त्याने ठेवाव्यात, असे मीच सुचवले. वाकसावर खंडेनवमीच्या पूजेची हळद-कुंकवाची बोटे अजून होती; तो विकायचा नाही हे काकूंनी न विचारता सांगितले आणि मला ते योग्यच वाटले.

पेटीच्या तळाशी स्टॅन्लेचा चार नंबरचा रंधा निघाला. पात्याच्या बैठकीमागे १९०२ मधल्या दोन आणि १९१० मधली एक, अशा तीन पेटंट तारखा ओतीव अक्षरांत होत्या, म्हणजे तो साधारण १९१० ते १९१८ या काळातला. इथे एक गोष्ट जाणून घ्यावी. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार कारागिरीची शंभर वर्षांवरील वस्तू पुरावशेष ठरू शकते. तिचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही आणि खाजगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. परदेशातून चौकशी करणारे ग्राहक अशाच नगांसाठी येतात, म्हणून हे स्पष्ट लिहितो. हा रंधा मी विकण्यासाठी घेतला नाही. त्याचे पूर्ण मोल देऊन तो माझ्या बाकावर वापरण्यासाठी आणला.

बाकीची हत्यारे घरी आणून साफ केली. गंज काढायला मी सायट्रिक आम्लाचे पाणी किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून सौम्य वीजप्रवाह, एवढेच वापरतो. बाजारात पुष्कळ लोक पाते ग्राइंडरवर धरून चकचकीत करतात. तिथे तापून पोलाद निळे पडले की त्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते, आणि मग वर कितीही चमक असली तरी धार टिकत नाही. लाकडी मुठींवर हातांच्या घामाने चढलेला काळसर रंग तर मी खरवडतच नाही. तो पुन्हा आणता येत नाही, आणि संग्राहकही त्यालाच मोल देतात. विकताना प्रत्येक नगाबरोबर चिठ्ठी देतो: बनवणारा कोण, अंदाजे काळ, काय दुरुस्त केले, काय सदोष राहिले. रेकॉर्डच्या मुठीचा चिरा सरसाने सांधला आहे, हे त्याच्या चिठ्ठीत पहिल्याच ओळीत लिहिले.

तो रंधा साताऱ्याच्या एका तरुण फर्निचर कारागिराने घेतला. दरवाजांच्या लांब फळ्या सरळ जोडण्यासाठी त्याला आता बावीस इंची सात नंबर हवा आहे. नाशकात या खेपेला तो मिळाला नाही. कुणाच्या माळ्यावर असेल, तर किलोवर देण्याआधी कळवावे.