वाजवलं मी, दावा दुसऱ्याचा: द्यब्युसीच्या रेकॉर्डिंगचा माझा अनुभव

फ्रेंच संगीतकार क्लोद द्यब्युसीच्या प्रेल्यूड्सचा (पियानोसाठीच्या छोट्या रचनांचा) पहिला खंड, म्हणजे बाराही रचना, मी पियानोवर वाजवून रेकॉर्ड केल्या. ट्यूनिंग, माइक, एडिटिंग सगळं सुरळीत झालं. व्हिडिओ यूट्यूबवर चढवले आणि दहाव्या रचनेवर, ‘ला कातेद्राल आंग्लुती’वर (म्हणजे ‘बुडालेलं कॅथेड्रल’), एका परदेशी रेकॉर्ड कंपनीचा कॉपीराइटचा दावा येऊन पडला. म्हणे हे त्यांच्या वादकाचं ध्वनिमुद्रण आहे! त्या संथ, खोल सुरांवर मी किती मेहनत घेतली होती. आजही आठवलं की डोकं तापतं.

द्यब्युसी 1918 साली गेले. संगीतरचनेवरचा हक्क आपल्याकडे रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, फ्रान्समध्ये 70. म्हणजे रचना केव्हाच मोकळी झाली. पण आक्षेपाच्या फॉर्मवर एवढंच लिहून भागत नाही, कारण ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो. म्हणून ‘वादन माझं, रेकॉर्डिंग माझं’ हे पहिल्या ओळीत लिहा, रचनेचं नंतर. मी तसंच लिहिलं होतं. तरी आक्षेप फेटाळला गेला, कारण न देता. आणि फेटाळणारा कोण, तर दावा करणारी तीच कंपनी! उत्तर द्यायला त्यांना तीस दिवसांची मुदत, तोवर आपण रोज पान उघडून बघायचं. यंत्राने सूर जुळवले हे एक वेळ समजू शकतं, पण माणसाने दोन्ही रेकॉर्डिंग एकदा तरी ऐकायला नकोत?

मग अपील केलं, आणि तिथे मदतीला धावून आले खुद्द द्यब्युसी. 1913च्या सुमारास त्यांनी स्वतः वाजवलेल्या या रचनेचा पियानो-रोल, म्हणजे वादनाची छिद्रांनी नोंद केलेली कागदाची गुंडाळी, उपलब्ध आहे. त्यात सातव्या ते बाराव्या बारपर्यंतचा (बार म्हणजे स्वरलिपीत दोन उभ्या रेघांमधला तुकडा) भाग, आणि पुढे बाविसाव्यापासूनचा मोठा भाग, ते दुप्पट लयीत घेतात. 1910च्या छापील प्रतीत तशी सूचना नाही. मी रोलप्रमाणे वाजवतो; दावेदारांचा वादक छापील प्रतीप्रमाणे, संथ. दोन्हीकडची मिनिटं-सेकंदं समोरासमोर मांडली आणि विचारलं, ही दोन रेकॉर्डिंग एकच कशी असतील? दावा मागे घेतला गेला. दिलगिरीचा एक शब्द नाही, पण त्या दिवशी मी कातेद्राल पुन्हा वाजवलं, मोठ्या अभिमानाने.

हो, एक राहिलंच: रेकॉर्डिंग करताना हात दिसतील असा सलग, न कापलेला व्हिडिओ घ्या आणि मूळ फाइल तारखेसकट जपून ठेवा. अपिलात मी तोही जोडला होता. स्वरलिपी द्युराँ या प्रकाशकाची 1910ची जुनीच वापरा. नव्या आवृत्त्यांच्या संपादनावर वेगळे हक्क असू शकतात. शोपँ किंवा साती या संगीतकारांच्या रचनांवर कुणाला असा दावा आला असेल तर सांगा, माझ्या अपिलाचा मजकूर पाठवतो.