उलटे आटे

"रायफलीला सायलेन्सर बसत नाहीये. आधीचा तुकडा निघतच नाही." आर्ट डिपार्टमेंटमधल्या पोराने रात्री फोनवर एवढंच सांगितलं. मी विचारलं, "कुठल्या बाजूला फिरवताय?" उत्तर आलं नाही, फक्त तिघाचौघांचं एकमेकांवर ओरडणं ऐकू आलं. मी हत्यारांची पिशवी घेतली आणि निघालो.

चित्रपट आणि मालिकांना लागणाऱ्या नकली बंदुका बनवणं, दुरुस्त करणं हा माझा धंदा. वर्कशॉप गोरेगावला, शूटिंग पनवेलच्या पुढे एका बंद कारखान्यात. रायफल आमची नव्हती, दुसऱ्या पुरवठादाराकडून भाड्याने आलेली होती. लांबून पळायचा सीन असेल तर रबराची बंदूक चालते. जवळच्या शॉटला बऱ्याचदा एअरसॉफ्ट लागते, म्हणजे हवेच्या दाबाने दाणे मारणारी हुबेहूब बंदूक: आत बॅटरी, मोटर, गिअर, स्प्रिंग-पिस्टन आणि 6 मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे दाणे. तोंडातून निघणारा जाळ नंतर संगणकावर टाकतात. 2021 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या सेटवर खऱ्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागून छायाचित्रकार हॅलिना हचिन्स गेल्या. तेव्हापासून मी भेटेल त्या दिग्दर्शकाला सांगतो की खरं हत्यार सेटवर आणूच नका.

पोचलो तेव्हा एकाने रायफलचा दस्ता मांड्यांत दाबून धरला होता आणि दुसरा पाइप पान्याला लोंबकळत होता. नळीच्या टोकाला खाचा असलेला पोकळ तुकडा असतो, तो फ्लॅश हायडर. पान्याच्या दातांनी त्याचा काळा रंग सोलून निघालेला. खऱ्या एम-4 रायफलीच्या नळीला सुलटे आटे असतात. टोकियो मारुई या जपानी कंपनीच्या धर्तीवरच्या एअरसॉफ्ट रायफलींना मात्र 14 मिलिमीटरचे उलटे. सायकलच्या डाव्या पेडलला किंवा ॲसिटिलीनच्या नळकांड्याला असतात तसे. समोरून पाहिलं तर हा तुकडा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतो. म्हणजे हे सगळे संध्याकाळपासून तो जीव तोडून आवळत होते. त्यात खालच्या बाजूचा, तुकडा जागी अडकवणारा बारीक बिनडोक्याचा ग्रब स्क्रू कोणाला दिसलाच नव्हता. त्याची षटकोनी खाच आधीच कोणीतरी गोल करून ठेवलेली.

दस्ता धरून नळी पिळणं हे तर फार वाईट. नळी जिथे बॉडीत बसते तिथला धातू जस्ताच्या ओतकामाचा असतो, तो वाकत नाही, तडकतो. नळी धरायची तर तोंडाजवळच धरावी. त्यासाठी आमच्याकडे व्हाइसमध्ये बसणारे खास जबडे आहेत, पण ते गोरेगावला. शॉट उजाडायच्या आत हवा होता. प्रॉडक्शनच्या माणसाने सुचवलं, "ग्राइंडरने कापून टाका, भाड्यात बघून घेऊ." दुसऱ्याच्या वस्तूबद्दल असं बोलणाऱ्या माणसाला मी उत्तर देत नाही.

गरम करावं लागणार हे उघड होतं. आटे चिकटवण्याचं लाल द्रव असेल तर 250 अंशांच्या आसपास तापल्याशिवाय ते सोडत नाही. ती उष्णता मागच्या हॉप-अपच्या, म्हणजे दाण्याला फिरकी देणाऱ्या भागाच्या, रबरापर्यंत जाऊ नये म्हणून आतली पितळी नळी आधी बाहेर काढायची. मॅगझिन काढलेलं होतं. बॅटरी मात्र आत, जोडलेली. मी ती सोडवली, पुढची पिन ढकलली, वरचा भाग सरकवून नळी मागून ओढली. हॉप-अपच्या तोंडातून एक पांढरा दाणा टपकून टेबलावर उड्या मारत गेला.

मी थांबलो. बॅटरी का जोडली आहे, ते विचारलं. दिग्दर्शकाला ट्रिगर दाबल्यावर मोटरचा खराखुरा झटका हातात दिसायला हवा होता, म्हणून. रिहर्सलला ट्रिगर दाबला नव्हता, टेकला दाबायचा होता. आणि नळी असणार होती समोरच्या अभिनेत्रीच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. 0.2 ग्रॅमचा दाणा एक ज्यूल ऊर्जेने सुटला तर सेकंदाला 100 मीटर वेग घेतो. त्याने डोळा जातो.

"मॅगझिन तर रिकामं होतं, दादा," आर्टमधला पोरगा म्हणाला. मी त्याला रबर दाखवलं. मॅगझिन काढलं तरी वर चढलेला दाणा ते रबर धरून ठेवतं. म्हणून मॅगझिन काढल्यावर जमिनीकडे तोंड करून ट्रिगर दाबायचा, मग नळीत उजेड टाकून बघायचं. रायफलीबरोबर आलेल्या कागदावर 'तपासलेली, रिकामी' असं लिहून खाली सही होती.

मग कामाला लागलो. साउंडवाल्याकडे सोल्डरिंग आयर्न होतं. त्याचं टोक ग्रब स्क्रूवर दाबून धरलं, उष्णता नेमकी तिथेच पोचली आणि चिकटवण वितळल्याचा वास आला. लॅपटॉप दुरुस्तीच्या संचातलं चांदणीच्या तोंडाचं टी-8 बिट त्या गोल झालेल्या खाचेत हलक्या हातोडीने ठोकून बसवलं. ग्रब सुलट आट्यांचा, तो सरळ निघाला.

सेटवरचे सुतारकाका कोकणातले, अर्ध्या शब्दात समजणारे. त्यांनी लाकडाच्या ठोकळ्याला नळीच्या जाडीचं भोक पाडून ठोकळा भोकातूनच उभा कापला. करवतीने जेवढं लाकूड खाल्लं तेवढी फट राहते आणि क्लॅम्प आवळला की दोन्ही अर्धे भाग नळीला घट्ट धरतात. आत सोल्डरिंगची राळ कुटून भुरभुरली, त्यामुळे नळी घसरत नाही. शिवाय नळी ॲल्युमिनियमची, हायडर पोलादी. तेवढ्याच उष्णतेला ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणजे दोन्ही तापले तर जोड आणखी आवळतो. म्हणून नळीवर ओलं फडकं गुंडाळून ते भिजत ठेवलं आणि आर्टवाल्यांच्या हीट गनने फक्त हायडर झपाट्याने तापवला. कॉश्च्यूममधला चामडी पट्टा त्याला वेढला, पट्ट्यात दांडकं अडकवलं आणि घड्याळाच्या दिशेने जोर दिला. कट्ट असा आवाज झाला, मग तो हाताने फिरला. आटे शाबूत होते. कमी साधनांत इतकं स्वच्छ काम क्वचित होतं आणि त्याचा मला अभिमान आहे.

सायलेन्सर बसला, पण बॅटरी मी परत दिली नाही. मोटरचा झटका नसेल तर अभिनेत्याने तो अभिनयात आणावा, असं दिग्दर्शकाला सगळ्यांदेखत सांगितलं. ते नाराज झाले. अभिनेत्रीने माझा टॉर्च मागून घेतला, स्वतः नळीत पाहिलं आणि मगच उभी राहिली. त्या सेटवर तपासणं हे आपलं काम आहे असं वाटणारी ती एकटीच होती, आणि खरं तर ते तिचं काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुरवठादाराला फोन केला. तो ओरखड्यांचे पैसे कोण देणार यावरच बोलत राहिला. दाण्याचं सांगितलं तर म्हणाला, "राहतो हो एखादा." त्याच गोदामातून आणखी कुठल्या सेटवर रायफली गेल्या आहेत, याची यादी मी मागितली आहे. दोनदा आठवण करून दिली. ती आली की प्रत्येक प्रॉडक्शनला मी स्वतः फोन करणार आहे.