तुम्ही विचारलंत म्हणून: गोफाच्या मुलींना चार रंगांच्या रिबिनी का?

दरवर्षी गॅदरिंगच्या आठवड्यात कुणा ना कुणा आईचा हा प्रश्न येतोच. "बाई, साड्या सगळ्यांच्या सारख्या, बांगड्या सारख्या, मग रिबिनीच तेवढ्या चार रंगांच्या का? एकच रंग किती उठून दिसेल!" तेव्हा माझ्या तोंडात केसांचे आकडे असतात आणि हातात कुणाची तरी अर्धी वेणी, म्हणून "नंतर सांगते" एवढंच बोलते. आज नीट सांगते.

आधी गोफाबद्दल. हा दोर विणत करायचा नाच. गोव्यात शिगम्याला खेळतात, आपल्याकडे शाळेच्या स्टेजवर असतो. आम्ही बसवतो तो साधा, आठ मुलींचा. वर एका कडीला आठ दोर, एकेकीच्या हातात एकेक टोक. चौघी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, चौघी उलट. एका दिशेच्या चौघींनी समोरून आलेल्या पहिलीच्या बाहेरून जायचं, दुसरीच्या आतून, तिसरीच्या पुन्हा बाहेरून; उलट फिरणाऱ्या चौघींचं याच्या उलट. बघता बघता डोक्यावर दोरांची वेणी विणली जाते. मग त्याच वाटेने उलटं फिरायचं आणि ती सगळी उकलायची. विणताना एखादी चुकली तर प्रेक्षकांना कळतही नाही. उकलताना मात्र गोफ तिथेच अडतो.

काही वर्षांपूर्वी आमचा तसाच अडला. त्या वर्षी सगळ्यांना मरून रिबिनी होत्या, दिसायला फारच सुरेख. एक मुलगी मधेच मोजणी विसरली, बाहेरून जायच्या ऐवजी आतून गेली, आणि उकलताना गाठ बसली. गाणं संपलं तरी आठही जणी दोर धरून उभ्याच. शेवटी पडदा टाकला. ती पोर विंगेत हुंदके देऊन रडत होती आणि सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. नऊ वर्षांची मुलगी, कानावर ढोलकी, डोळ्यांवर दिवे. तिने "बाहेर, आत, बाहेर, आत" असं किती वेळ मोजत राहायचं? एकदा आकडा सुटला की परत धरायला तिच्याजवळ काहीच नव्हतं. ही चूक बसवणाऱ्यांची, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

त्या रात्री मी ल्यूडोच्या सोंगट्या घेऊन बसले. प्रत्येक रंगाच्या दोन, अशा आठ. गोलात मांडल्या: हिरवी, लाल, निळी, पिवळी, पुन्हा हिरवी, लाल, निळी, पिवळी. हिरव्या-निळ्या एका दिशेने, लाल-पिवळ्या उलट. सुरुवातीला हिरवीसमोर लाल येते, निळीसमोर पिवळी. फिरवत गेले आणि लक्षात आलं, की हिरवी प्रत्येक वेळी लालच्या बाहेरूनच जाते आणि पिवळीच्या आतूनच. निळीचं बरोब्बर उलट: पिवळीच्या बाहेरून, लालच्या आतून. कितीही फेरे घाला, हे बदलत नाही, कारण समोरून येणाऱ्या चौघी आहेत आणि चार हा सम आकडा आहे. उकलताना तर त्याच वाटेने मागे जायचं, म्हणून नियम तोच राहतो. सहा मुली घेतल्या तर समोरून तिघी येतात. मग जिच्या बाहेरून गेलात, तिच्याच पुढच्या भेटीत आतून जावं लागतं, आणि रंगाचा उपयोग उरत नाही. म्हणून मी आठ मुलींसाठी हट्ट धरते.

आता मुलीला मोजायचं नसतं. समोर कुठला रंग आला ते बघायचं, बस. मधेच गोंधळली तरी पुढच्या भेटीत सावरते.

"मग दोर रंगीत करा की," असंही कुणी सुचवतं. दोर रंगीतच असतात. पण ते डोक्यावरून वर गेलेले. समोरून मैत्रीण येते तेव्हा मुलगी तिच्या चेहऱ्याकडे बघते. म्हणून रंग चेहऱ्याशेजारीच हवा. एक शेपटा घालून मागे रिबीन बांधली तर समोरचीला ती दिसणारच नाही. दोन वेण्या, वर दुमडून बांधलेल्या आणि कानांवर रिबिनीची फुलं, ही आपली शाळेतली जुनी पद्धत इथे चपखल बसते.

बांधायची कशी, तेही सांगते, कारण सुटलेली रिबीन दोरात अडकली तर सगळं व्यर्थ. साटीन घेऊ नका. चमकते छान, पण गाठ सरकते. एक इंची नायलॉनची घ्या. प्रत्येक वेणीला एक मीटर धरा, म्हणजे दोन मुलींच्या चार वेण्यांना एका रंगाची चार मीटर. टोकं तिरकी कापून मेणबत्तीच्या आचेजवळून हलकेच फिरवा, धागे निघत नाहीत. केस आदल्या दिवशी धुवा, त्याच दिवशी धुतलेले हातात राहत नाहीत. मधोमध भांग, दोन्ही बाजूंना मुळाशी घट्ट रबर. वेणी अर्धी झाली की रिबिनीचा मध्य मागून लावायचा आणि दोन्ही पदर बाजूच्या दोन पेडांत मिसळून खालपर्यंत विणायचं. नुसती टोकाला बांधलेली रिबीन गिरकीत निसटते. पेडांत विणलेली जात नाही. टोकाशी गाठ, वेणी वर दुमडायची, रिबीन मुळाच्या रबराखालून काढून पुन्हा गाठ आणि मग फूल. फुलाची टोकं चार बोटांपेक्षा लांब सोडू नका.

बॉबकटवाल्या मुलींच्या आया संकोचतात. गंगावन मुळीच आणू नका, ते ओझं त्या मानेला नको. कानांवर दोन इवल्या शेंड्या बांधल्या तरी फूल बसतं. तेवढ्याही होत नसतील तर साधा हेअरबँड आणि त्यावर दोन्ही बाजूंना फुलं शिवून घ्या.

दिवेवाल्यांनाही मी आधीच सांगून ठेवते: गोफ संपेपर्यंत पांढरा उजेड. लाल दिव्यात लाल आणि पिवळी सारख्याच दिसतात.

गॅदरिंगच्या दिवशी मी वेण्या घालताना हिरव्या रिबिनीच्या मुली पुटपुटत असतात, "लाल बाहेरून, पिवळी आतून." माझ्या हातून वेणी जोरात ओढली गेली तरी "आई गं" म्हणून पुढे चालूच. तेव्हा तुमच्या मुलीला निळी रिबीन आली आणि तिला गुलाबी हवी होती, असं असेल, तर माझ्याकडे पाठवा. मी सोंगट्या मांडून दाखवते.