ट्रेलरमध्ये हसवलंत, मग थिएटरात रडवलंत का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी प्रोमो एडिटर आहे, म्हणजे सिनेमा नाही, सिनेमाचे ट्रेलर आणि टीझर कापते. हे कळलं की लग्नाच्या पंगतीत असो, फिल्म सोसायटीच्या कार्यक्रमानंतर असो, समोरचा माणूस एक प्रश्न विचारतोच: "तुम्ही लोक ट्रेलरमध्ये एक दाखवता आणि आत भलतंच निघतं. सरळ फसवणूक नाही का ही?"

कधी कधी असते. नेहमी नसते. कुठे असते आणि कुठे नसते, हे मला एका सव्वादोन सेकंदांच्या शॉटने शिकवलं.

काही वर्षांपूर्वी एक मराठी सिनेमा माझ्याकडे आला. एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर, हळूहळू सगळं विसरत चाललेला. नातवंडांची नावं आठवत नाहीत, पण जुन्या रूटवरचे टप्पे आणि त्यांचं भाडं तोंडपाठ. नात त्याला घेऊन त्याच रूटवर फिरायला निघते. गोष्ट एवढीच. सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी सात-आठ वेळा खळखळून हसले आणि शेवटी खूप रडले.

पहिला ट्रेलर मी रडण्याच्या अंगाने कापला. पियानो, पावसाळी काच, रिकामी खोली, आणि त्या शांततेत एकदाच वाजणारा तिकिटाचा चिमटा. टिक. मग काळोख. दिग्दर्शकाचे डोळे भरून आले. "ताई, हाच फायनल," म्हणाला.

मग तो वितरकाने पाहिला. बराच वेळ गप्प बसून होते. मग म्हणाले, "मॅडम, पिक्चर चांगलाच असणार. पण आजाराचा आहे हे पहिल्या दहा सेकंदांत कळतंय. शनिवारी संध्याकाळी पोराबाळांना घेऊन कोण येणार सांगा?"

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आज वाटतं, ते बरोबर होते. मराठी सिनेमाला शुक्रवार, शनिवार, रविवार एवढेच दिवस मिळतात. त्यात खुर्च्या भरल्या नाहीत तर सोमवारी शो कमी होतात, उरतात ते दुपारी बाराचे. आणि घरातला एखादा माणूस असं विसरायला लागलेल्या कितीतरी घरांपर्यंत हा सिनेमा पोचायला हवा होता. "आजाराचा पिक्चर" असं कळल्यावर नेमकी तीच घरं आली नसती. दिवसभर ते घरी बघतच असतात.

म्हणून दुसरा ट्रेलर. नवीन एक फ्रेम शूट केली नाही. सुरुवात चिमट्यापासूनच केली, फक्त या वेळी रिकाम्या खोलीतला नाही, तर बसच्या दांड्यावर वाजवलेला. टिक-टिक, टिक-टिक-टिक. त्या ठेक्यावर हलगी घातली आणि प्रत्येक कट ठेक्यावर आणला. एखादा माणूस बोलून झाल्यावर सिनेमात जो पॉज असतो, तो काढला. दुःख बहुतेक त्या पॉजमध्येच राहतं. तो काढला की तेच वाक्य विनोदी होतं. "हा कोण?" असं आजोबा नातवाकडे बघून विचारतात. मागे दोन सेकंद शांतता ठेवली तर काळजात कळ येते. लगेच नातवाचा वैतागलेला चेहरा लावला तर हॉल हसतो. वाक्य तेच, नट तोच, आवाजाची पट्टीही तीच.

ही किमया जगाला दाखवून देणारा नमुना 2005 सालचा आहे. न्यूयॉर्कमध्ये एडिटर्सच्या संघटनेची स्पर्धा होती, जुन्या सिनेमाचा ट्रेलर वेगळ्याच जातीचा करून दाखवायचा. रॉबर्ट रियांग नावाच्या तरुण एडिटरने स्टॅन्ली कुब्रिकचा 1980 चा 'द शायनिंग' घेतला. बर्फात अडकलेलं हॉटेल आणि बायकोमुलाच्या जिवावर उठलेला बाप, असा तो भयपट. रियांगने त्यातलेच शॉट उचलले, त्यावर गोड आवाजाचा निवेदक घातला, मागे पीटर गॅब्रिएलचं 'सॉल्सबरी हिल' हे गाणं सोडलं, आणि कल्पना सुचत नसलेला लेखक व बाप हवा असलेला मुलगा यांची हळवी कौटुंबिक गोष्ट उभी केली. मी तो ट्रेलर शिकताना असंख्य वेळा पाहिलाय, दर वेळी हरखून जाते. पण तो कसब दाखवायचा खेळ होता. त्यातली सगळी ऊब गाण्यातून आणि निवेदकाच्या आवाजातून आली आहे, सिनेमात ती नाहीच. उद्या तो ट्रेलर लावून कुणी खरंच तिकिटं विकली असती तर मी त्याला फसवणूकच म्हटलं असतं.

माझी पहिली कसोटी तिथून आली. ट्रेलरमधलं हसू सिनेमातलं आहे का बाहेरून आणलेलं? आमच्या सिनेमात हसू होतं, भरपूर होतं. मी फक्त त्याला पुढे बसवलं.

मोठमोठे स्टुडिओही हेच करतात. डिस्नेने 2010 मध्ये 'रपुन्झेल'ची गोष्ट 'टँगल्ड' नावाने आणली, कारण राजकन्येचं नाव दिसलं की मुलगे येत नाहीत अशी त्यांना धास्ती होती. ट्रेलरमध्येही त्या चोर नायकाला पुढे केलं. 2007 च्या 'स्वीनी टॉड'मध्ये जवळजवळ सगळी गोष्ट गाण्यांतून सांगितली आहे, पण ट्रेलरमध्ये गाणं शोधावं लागतं. लोक थिएटरात बसले आणि पात्रं गायला लागल्यावर काही उठून गेले. आपल्याला हे ऐकून नवल वाटतं. आपल्याकडे आधी गाणं येतं आणि त्याच्या जिवावर पिक्चर चालतो.

गाण्यावरूनच आपल्याकडे कोर्टकज्जा झाला, आणि त्याची सुरुवात औरंगाबादेत झाली. 2016 साली 'फॅन' आला. 'जबरा फॅन' हे गाणं प्रचारात सगळीकडे वाजत होतं, सिनेमात मात्र नव्हतं. एक शिक्षिका घरच्यांना घेऊन गेल्या होत्या, गाण्याची वाट बघत बसल्या, आणि नंतर ग्राहक मंचात गेल्या. पुढे राज्य ग्राहक आयोगाने त्यांना 10,000 रुपये भरपाई आणि 5,000 रुपये खर्च देण्याचा आदेश दिला. निर्माते सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल 2024 मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला. ट्रेलर म्हणजे प्रस्तावही नाही आणि वचनही नाही, तिकीट काढायला उत्तेजन देणारी ती फक्त जाहिरात आहे, असं न्यायालयाचं म्हणणं.

कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल. पण मी माझं काम त्या निकालाच्या आधारावर करत नाही. चार तिकिटं, जायची-यायची रिक्षा, मध्यंतरात मुलांना काहीतरी, एवढं करून एक कुटुंब माझ्या सव्वादोन मिनिटांच्या ट्रेलरवर भरवसा ठेवून येतं. त्यांना मी शब्द दिलेला असतो. करार नसेल, पण शब्द असतो.

आता तो शॉट.

सिनेमात एका लग्नाचा प्रसंग आहे. पंगत बसली आहे. आजोबा उठतात आणि रांगेतून चालायला लागतात. "तिकीट, तिकीट... पुढे सरका, पुढे सरका." एक पाहुणा फिस्सकन हसतो. मग सगळी पंगत गप्प होते. तेवढ्यात नात भर पंगतीत पाटावर जाऊन बसते, हात पुढे करून एक नाणं देते आणि म्हणते, "एक स्वारगेट द्या." आजोबा खिशातली लग्नपत्रिका काढतात, तिचा कोपरा फाडतात, नीट दुमडून तिच्या हातात ठेवतात. चेहऱ्यावर असं समाधान, की आख्ख्या सिनेमात तसं दुसरं नाही.

दुसऱ्या ट्रेलरमध्ये मी "पुढे सरका"पासून त्या पाहुण्याच्या हसण्यापर्यंतचाच तुकडा घेतला होता. हसू संपायच्या आत पुढचा कट. प्रत्येक स्क्रीनिंगला तिथे हमखास हशा यायचा. ट्रेलर गाजला, शनिवार-रविवार घरंच्या घरं आली, वितरकांचा फोन आला. मी खूश होते.

पहिल्या रविवारी मी ठाण्याला एका शोनंतर दारात उभी होते. दिग्दर्शकाने माझी ओळख करून दिल्यावर साधारण पन्नाशीच्या एक बाई माझ्याजवळ आल्या. सिनेमा फार आवडला म्हणाल्या. रडून डोळे लाल झाले होते, त्याबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. मग म्हणाल्या, "पण एक सांगू का? माझे सासरे असेच आहेत. ते बँकेत होते. घरी कुणी आलं की टोकन मागतात. तुमची जाहिरात टीव्हीवर लागली तेव्हा ते शेजारीच बसले होते आणि मुलं हसली. त्या लग्नाच्या सीनला. मला कळेना, मुलांना गप्प करू की टीव्ही बंद करू."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी "सॉरी" म्हटलं, त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि गेल्या.

हसू सिनेमातलंच होतं, बाहेरून आणलेलं नव्हतं. माझ्या कसोटीवर ट्रेलर पास होता. पण सिनेमा त्या पाहुण्याच्या हसण्यापाशी थांबत नव्हता, आणि मी थांबले होते. दिग्दर्शकाने तो पाहुणा हसवला होता तो आपल्याला लाज वाटावी म्हणून. मी प्रेक्षकाला त्या पाहुण्याच्या शेजारी बसवलं आणि तिथेच सोडून दिलं. आता मला वाटतं, भयपटाचा कौटुंबिक करण्यापेक्षाही हे वाईट आहे. तिथे सिनेमाची जात बदलते. इथे जात तीच ठेवून कुणावर हसायचं ते मी बदललं होतं.

त्याच रात्री मी अंधेरीला एडिटिंगच्या सूटवर गेले आणि ट्रेलरची टाइमलाइन उघडली. हलगी तशीच ठेवली. कौटुंबिक, गमतीदार, सगळं तसंच. फक्त त्या पाहुण्याचं हसू अर्ध्यावर कापलं, तिथे हलगी थांबवली, आणि नातीचा हात घेतला. नाणं. "एक स्वारगेट द्या." पत्रिका फाटल्याचा आवाज. मग पुन्हा चिमटा, टिक-टिक, आणि हलगी.

निर्मात्यांना वाटलं, इथे ट्रेलरची गती मोडते. मोडतेच. थिएटर आणि टीव्हीसाठी नवा ट्रेलर सेन्सॉरकडून पुन्हा पास करून घ्यायला वेळ नव्हता, म्हणून हा कट दुसऱ्या आठवड्यात फक्त ऑनलाइन लागला. ऑफिसमध्ये आमच्या चहा आणणाऱ्या मुलाला मी जुना आणि नवा, असे दोन्ही कट दाखवले. पहिल्यात तो हसला. दुसऱ्यात आधी हसला, मग स्क्रीनजवळ आला आणि म्हणाला, "परत लावा ना."

पहिल्यात तो शॉट 2 सेकंद 6 फ्रेमचा, म्हणजे सव्वादोन सेकंदांचा होता. दुसऱ्यात नातीच्या हातासकट 5 सेकंद 10 फ्रेमचा झाला.